पेन्सिलीतला शब्द

रविवारी दुपारी वावटळ उठली आणि मेहबूबच्या दुकानाचा पत्र्याचा बोर्ड खाली आला. कुणाला लागलं नाही. समोरच्या भांडीवाल्यानं तो उचलून भिंतीला टेकवला आणि वर बघत म्हणाला, "भाभी, आता नवा करा. बोर्ड नसला की लोक माझ्याकडं येतात. शालीला भोक पडलंय म्हणतात. मी काय कल्हई लावून देऊ?"

रशीदा हसली. पण गंजलेल्या पत्र्यावरून हात फिरवताना तिला वाटलं, आपला माणूस जाऊन चार वर्षं झाली आणि त्याचं नाव आत्ता खाली आलं.

रविवार पेठेतल्या त्या बोळात दुकान ते केवढं! दोन माणसं मांडीला मांडी लावून बसली की तिसऱ्यानं उभंच राहायचं. काम एकच, रफूचं. फाटलेल्या कापडाच्या आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे ओढून काढायचे आणि त्यांनी भोक विणून भरायचं. बाहेरचा धागा घ्यायचा नाही. काम फसलं तर जगाला दिसतं आणि साधलं तर कुणाला दिसत नाही, असा हा उलटा धंदा. आधी मेहबूब करायचा, मग मेहबूब आणि रशीदा दोघं, आणि आता अडुसष्टाव्या वर्षी रशीदा एकटी.

सोमवारी सुट्टी काढून विश्रांतवाडीहून नात आली. तरन्नुम, मुलाची, कामरानची, मोठी. खराडीत कंपनीत नोकरी, कानात सतत काहीतरी अडकवलेलं, पण दादीच्या मांडीला मांडी लावून बसायची सवय लहानपणापासूनची.

"दादी, मी सगळं ठरवलंय. वरती मराठीत 'मेहबूब रफू'. खाली इंग्लिशमध्ये 'क्लोद रिपेअर'. मॅपवर पण तेच टाकते. उत्तरेश्वर म्हणून आहे एक, मार्केट यार्डाजवळ त्याचं वर्कशॉप आहे. आज चारला त्याचं मशीन अक्षरं कापणार. उद्या तो गावी यात्रेला चाललाय, मग आठ दिवस गायब."

रशीदाची सुई थांबली. "रिपेअर नको."

"का?"

"रिपेअर पंख्याचं होतं. तुझ्या दादांना तो शब्द चालायचा नाही."

"मग दुसरा कुठला?"

रशीदाला इंग्रजी येत नव्हतं. सासवडच्या शाळेत ती सातवीपर्यंत शिकली होती आणि ए-बी-सी-डी ओळखीची होती. पण अक्षरं ओळखू आली म्हणून शब्द बोलायला लागतात थोडेच! ती उठली. फळीवरच्या दोऱ्यांच्या डब्यामागून तिनं एक जाड पानांची चित्रकलेची वही काढली आणि फुंकर मारून तरन्नुमच्या मांडीवर ठेवली.

तरन्नुमनं ती कधी पाहिली नव्हती. पानापानावर कापडाचे तुकडे टाचलेले. डावीकडे फाटका तुकडा, उजवीकडे तसाच पण सांधलेला. खाली मेहबूबच्या गोल, जपून काढलेल्या अक्षरात एकेक इंग्रजी शब्द. खिळ्याला अडकून काटकोनात फाटलेलं टेरिकॉट, खाली 'टेअर'. शिवणीवर उसवलेली बाही, खाली 'रिप'. कोपरावर विरून जाळी झालेली लोकर, ती 'वॉर्न'. दशा सुटलेला काठ, तो 'फ्रेड'. सिगरेटच्या ठिणगीचं वाटोळं भोक, त्याला 'बर्न'.

"ओ माय गॉड, दादी! ही तर डिक्शनरी आहे."

"डिक्शनरी कसली. लाज आहे ती. लाजेतून झाली."

आणि रशीदानं सांगितलं. कॅम्पातून कपडे यायचे, त्यांना इंग्रजी चिठ्ठ्या टाचलेल्या असायच्या. एका बाईंनी फ्रॉकाच्या लेसवर चिठ्ठी लावली, 'फिक्स द लेस'. मेहबूबनं विचार केला, फिक्स म्हणजे पक्कं. लग्न फिक्स होतं, बैठक फिक्स होते. बाईंना फाटलेली लेस नीट करून हवी होती, त्यानं ती काढघालीची लेस फ्रॉकाला अशी पक्की शिवून टाकली, की बाईंना ती कात्रीनं सोडवावी लागली. बाई भल्या होत्या, ओरडल्या नाहीत, पण हसल्या. ते हसू त्याला लागलं. त्या शुक्रवारी नमाजानंतर तो थेट नारायण पेठेत रंगनाथ मास्तरांकडे गेला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते इंग्रजी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. स्वेटर रफू करायला दुकानात आले होते, तेवढी ओळख. पण पुढं चाळीसेक वर्षं दर शुक्रवारी मेहबूब दोन शब्द आणि दोन चिंध्या घेऊन त्यांच्याकडं जायचा आणि विचारायचा, "मास्तर, ह्यातला माझा कुठला?" शब्द आधी पेन्सिलीनं लिहायचा. मास्तरांनी नमुना पाहून मान हलवली की शाईनं गिरवायचा. फी ठरलेली होती, मास्तरांच्या सदऱ्याचं निघालेलं बटण लावून देणं. बटण निघालेलं नसलं, तर मास्तर स्वतः एखादं तोडून ठेवायचे असं रशीदाला पुष्कळदा वाटायचं.

तरन्नुम पानं उलटत होती. 'रिपेअर'च्या पानावर चेनचा तुकडा होता. 'पॅच'च्या पानावर ठिगळ. 'डार्न'च्या पानावर मोज्याची टाच. शेवटचं पान आलं आणि ती थांबली.

त्या पानावर ना डावा तुकडा होता ना उजवा. नुसता शब्द, आणि तोही पेन्सिलीत. पुसट झालेला.

"मेंड," तिनं वाचलं. "दादी, हा शाईत का नाही?"

"नसेल मास्तरांनी मान हलवली."

"पण 'मेंडिंग' छान आहे की बोर्डाला! म्हणजे सर्च कुणी करत नाही... पण ह्याचा अर्थ तर रिपेअरच ना? सेमच आहे दोन्ही."

रशीदा पानाकडं बघत राहिली. एवढ्या वर्षांत मेहबूबनं अर्धं टाकलेलं एकही काम तिला आठवत नव्हतं. गिऱ्हाईक परत आलं नाही, तरी कपडा पुरा करून घडी घालून ठेवणारा माणूस. त्यानं हे एक पान उघडं का ठेवलं? त्याचं नाव नव्यानं भिंतीवर चढणार, त्याखाली त्याचा शब्द हवा. आणि कुठला शब्द त्याचा, हे सांगणारं आता एकच माणूस उरलं होतं.

"किती वाजले?"

"साडेबारा."

"रिक्षा बोलाव. मास्तरांकडं जाऊ."

*

रंगनाथ मास्तर अठ्ठ्याऐंशीचे. कान गेलेले, जीभ शाबूत. सुनेनं, भाग्यश्रीनं, दार उघडलं आणि ओरडून सांगितलं, "बाबा, मेहबूबभाईंच्या घरच्या आल्यात."

"ओरडू नकोस. बहिरा मी आहे, सोसायटी नाही." मास्तर खुर्चीत सावरून बसले. "या, रशीदाबाई. चार वर्षांनी वाट सापडली. रविवार पेठ लांबच पडते म्हणा नारायण पेठेला. ही कोण?"

"नात माझी. तरन्नुम."

"काय करतेस गं?"

"आयटीत आहे, आजोबा."

"असो. सगळ्यांनाच चांगले दिवस येत नाहीत."

तरन्नुम हसू दाबत वही उघडून त्यांच्यापुढं धरून बसली. मास्तरांनी चष्मा बदलला. शेवटच्या पानावर त्यांचं बोट आलं आणि थोडा वेळ तिथंच राहिलं.

"आजोबा, रिपेअर आणि मेंड एकच ना?"

"कुणी सांगितलं? मोबाइलनं? आमच्या सोसायटीची लिफ्ट रिपेअर होते, दर महिन्याला. तिला कुणी मेंड म्हणत नाही. वस्तू बिघडली, माणूस आला, पान्हा फिरवला, चालू झाली, माणूस गेला. ते रिपेअर. आता हाड मोडलं तुझं, तर डॉक्टर ते नीट बसवेल, प्लास्टर घालेल. पण जुळायचं काम हाडानंच करायचं, आतल्या आत, सहा आठवडे. त्याला मेंड म्हणतात. मराठीत एक असतं दुरुस्त करणं आणि एक असतं सांधणं. सांधायला त्याच जातीचा धागा लागतो, ते तुझ्या आजीला विचार."

"मग दादांना तुम्ही शाई का नाही वापरू दिली?"

"मी नाही दिली?" मास्तरांनी चष्मा काढला. "अकरा नमुने आणले त्यानं ह्या शब्दाला. मी म्हणायचो, हे डार्न आहे, हे पॅच आहे, हे उत्तम आहे पण रिपेअरच आहे. तो चिडायचा नाही. पुढल्या शुक्रवारी परत यायचा. शेवटी मीच विचारलं, अरे, ह्याच शब्दाच्या एवढा का मागं लागलायस? तर म्हणाला, मास्तर, तुम्हीच मला तो शिकवलात. शिवी म्हणून."

रशीदानं वर पाहिलं.

मास्तर तिच्याकडं बघेनात. ते खिडकीतल्या तुळशीशी बोलावं तसं बोलले. "तुम्ही सासवडला गेला होतात तेव्हा. दहा महिने. तो इथं यायचा आणि चिंध्या दाखवायचा. मला राग यायचा. घर फाटलंय आणि हा मोज्याच्या टाचा घेऊन बसलाय. एक दिवस म्हटलं, मेहबूब, कपडे राहू दे. मेंड युवर वेज. वागणं सुधार आधी. बायको दुकानात बसून काम शिकीन म्हणते, तर तुझं काय उसवतंय? त्यानं तो शब्द तिथल्या तिथं पेन्सिलीनं लिहून घेतला. हाच तो. ह्याच पानावर."

रशीदाला ती दुपार दिसली. कामरान दोन वर्षांचा, कडेवर. ती म्हणत होती, मला शिकव, मी बसते शेजारी. तो म्हणत होता, पेठेतले लोक काय म्हणतील. ती निघाली तेव्हा त्यानं ओढणीचं टोक धरलं. थांबवायलाच धरलं होतं, पण तिनं हिसका दिला, ओढणी दाराच्या कडीत अडकली आणि टर्रकन गेली. आईनं लग्नात दिलेली, डाळिंबी रंगाची गर्भरेशमी ओढणी. तिनं ती तिथंच उंबऱ्यात टाकली.

दहा महिन्यांनी तो सासवडला आला. अंगणात बसला, पाणी प्यायला आणि तिच्या आईला म्हणाला, "दुकानात दोघांना बसायला जागा केलीय." बस, एवढंच. माफी नाही, खुलासा नाही. ती परत आली. घरी ट्रंक उघडली तर वरच डाळिंबी ओढणी, घडी घातलेली. अखंड. तिनं दोन्ही पदर उलगडून पाहिले. कुठं धागा ढळलेला नाही. ती समजली, हुबेहूब नवी आणून ठेवलीय. फाटली, दुसरी घेतली, विषय संपला. आईची ओढणी गेली ती गेलीच. त्या नव्या ओढणीला तिनं परत हात लावला नाही. पुढं शेजारी बसून ती काम शिकली, संसार झाला, भरल्या पोटी हसणं झालं, पण ती ओढणी ट्रंकेच्या तळाशी बोचत राहिली. हा माणूस जगाचं फाटलेलं सांधतो आणि माझं मात्र बदलून टाकलं, ही एक गोष्ट तिनं त्याला कधी बोलून दाखवली नाही.

मास्तर सांगत होते, "अकराव्या नमुन्यानंतर मी म्हटलं, बाबा रे, मेंड त्याला म्हणतात जे परत आपल्याच माणसाच्या अंगावर जायचं असतं. तर म्हणाला, मास्तर, असा नमुना एकच आहे माझ्याकडं. पण तो कापून वहीत लावता येत नाही. ट्रंकेत आहे. तिची ओढणी. सात महिने बसलो होतो तिच्यापुढं, दुकान बंद झाल्यावर. तिला वाटतं नवी आणलीय."

"आणि तुम्ही काय म्हणालात?" हे तरन्नुमनं विचारलं.

"म्हटलं, गाढवा, मग सांगून टाक की तिला. तर म्हणतो कसा..." मास्तर थांबले. "सांगितलं तर रफू दिसेल, मास्तर."

रशीदानं मान खाली घातली. हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम होता, आणि तिलाही त्यानंच शिकवला होता. कपडा देताना कुठं फाटलं होतं ते बोट ठेवून दाखवायचं नाही. गिऱ्हाईक विसरलं पाहिजे.

समोर मास्तरांच्या सदऱ्याचं दुसरं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. तिनं अंगावरच्या ओढणीच्या काठात खोचलेली, दोरा ओवलेली सुई काढली, पुढं वाकली आणि ते पक्कं केलं. चार भोकांतून फुली, मग खाली तीन वेढे. मेहबूबची पद्धत.

"फी पोचली," मास्तर म्हणाले. "आता चहा घेऊन जा. सून चांगला करते. मला मिळत नाही, पण पाहुणे सांगतात."

*

घर दुकानाच्या वरच. तीन वाजून गेले होते. तरन्नुमनं पलंगाखालची ट्रंक ओढली. गोधड्या, कामरानचं टोपडं, निकाहाची वही, आणि अगदी तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात ती.

रशीदानं ओढणी खिडकीशी नेली. उजेड सरळ पडत होता. तिनं चष्मा लावला, भिंग घेतलं. सुईच्या टोकाएवढी चूक जिला दहा हातांवरून दिसायची, ती अर्धा तास एकाच ओढणीकडं बघत बसली. सुलट बाजू पाहिली. उलट बाजू पाहिली. काही नाही.

"दादी, आजोबांना नीट आठवत नसेल. वय झालंय त्यांचं. कदाचित खरंच नवी..."

"गप बस जरा."

मग तिला हसूच आलं. एवढी वर्षं हे काम करून ती गिऱ्हाइकासारखी जखम शोधत होती. फाटलेलं दिसणार नाहीच. पण धागा कुठून आला? आभाळातून तर नाही. तिनं ओढणीचा काठ धरला आणि आतली दुमड नखानं उलटवली. एक वीत, दोन विती, तीन. चौथ्या वितीला दुमड अरुंद झाली होती. तिथले धागे ओढून नेलेले होते, एकेक करून, नीट मोजून. मागं राहिली होती एवढीशी पोकळ पट्टी, केसाच्या भांगासारखी.

रशीदानं डोळे मिटले. कडीत अडकली होती ती बाजू तिच्या बोटांना पाठ होती. ती तिथं गेली. बोटाच्या पेरानं हळू, मुंगी चालावी तसं. आणि लागलं. चार बोटं लांब. दिसत नव्हतं, पण तिथं कापड किंचित दाट होतं. जसा रोज सुई धरणाऱ्या बोटाला घट्टा पडतो तसं.

"आई गं," ती म्हणाली. एवढंच.

सासवडला आई गोधडी टाचताना म्हणायची ती ओवी तिला आठवली. कित्येक वर्षांत आठवली नव्हती.

सुई पुसते दोऱ्याला, किती रं लांब जायाचं
फाटलं तिथवर बाई, मग माघारी यायाचं

ती गुणगुणली, आणि तरन्नुम कानातलं काढून तिच्याजवळ सरकली.

"दादी, कापू नकोस हां ती. वहीसाठी."

"कापीन कशाला! त्यानं नाही कापली, मी कापीन?" रशीदानं वही मागितली. शेवटचं पान उघडलं. पेन्सिलीतली ती चार अक्षरं तिनं डोळ्यांजवळ धरली. मग ओढणीची दुमड परत उलटवली. जिथून त्यानं धागे नेले होते, त्याच्याच शेजारचा एक धागा तिनं सुईच्या टोकानं उचलला आणि हलके हलके ओढून काढला. डाळिंबी. आत राहिल्यामुळं जराही विटला नव्हता.

"शाईचा पेन देऊ?"

"नको."

तिनं धागा ओवला. पहिल्याच झटक्यात. आणि मेहबूबनं पेन्सिलीनं काढलेल्या रेषेवरून ती टाके घालू लागली. जाड कागदाला सुई कुरकुरत होती. पहिलं अक्षर तीन पायांचं, डोंगरासारखं.

फोन वाजला. तरन्नुमनं स्पीकर लावला.

"म्याडम, उत्तरेश्वर बोलतोय. चार वाजले. रिपेअर कापू का?"

तरन्नुमनं दादीकडं पाहिलं. रशीदा वर बघत नव्हती. ती दुसऱ्या अक्षरावर होती.

"नाही. मेंडिंग."

"काय? मेंढी?"

"मेंडिंग हो!"

"आवो, रफूच्या दुकानाला मेंढी कशापायी? लोकरीचं काम हाय म्हनून का? चित्र पन टाकू का मग?"

रशीदा खुदकन हसली आणि सुई बोटात टोचून घेतली. कैक वर्षांत टोचली नव्हती. "सांग त्याला," ती बोट चोखत म्हणाली, "मोबाइलवर रिपेअर राहू दे, शोधणाऱ्याला सापडायला. बोर्डावर हाच. स्पेलिंग एकेक अक्षर सांग, नाहीतर खरंच मेंढी येईल."

तरन्नुम एकेक अक्षर सांगू लागली. एम. ई. एन. डी. पलीकडून उत्तरेश्वर एकेक परत म्हणत होता, आणि मध्ये खिडकीशी बसून रशीदा त्याच अक्षरांवरून जात होती. त्यांची नावं तिला आत्ता ऐकू येत होती. चौथं अक्षर पोट पुढं काढून उभं होतं, जेवून आल्यावर मेहबूब दुकानाच्या पायरीवर उभा राहायचा तसं.

शेवटचा टाका झाला. रफूत गाठ कधी ठेवत नाहीत, धागा आतल्या आत जिरवतात. रशीदानं सुई पानाच्या मागं नेली, थांबली, आणि पुन्हा पुढं आणली. त्या शेवटच्या अक्षराच्या बाजूला, वरच्या अंगाला, सगळ्यांना दिसेल अशी तिनं एक गाठ मारली. धागा दातानं तोडला.

मग ओढणी उचलली, झटकली, आणि चव्वेचाळीस वर्षांनी डोक्यावरून घेतली.

"चल," ती तरन्नुमला म्हणाली. "खाली गिऱ्हाईक ताटकळलं असेल."